पाण्याची श्यानता निम्म्याजवळ का आली: लॅम्प्सच्या स्क्रिप्टमधील व्हेरिएबल आणि एककांचे एक प्रकरण

जळगाव जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात एका पदव्युत्तर विद्यार्थिनीने द्रव पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, संगणकावरील रेणूंच्या सिम्युलेशनने काढण्याचा प्रकल्प घेतला होता. त्यासाठी दोन तापमाने ठरली होती. बहुतेक तक्ते २५ अंश सेल्सिअसचे असतात म्हणून ते एक, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो म्हणून ते दुसरे. प्रयोगातून मोजलेली पाण्याची श्यानता २५ अंशांना सुमारे ०.८९ मिलिपास्कल-सेकंद आणि ४५ अंशांना सुमारे ०.६० आहे, म्हणजे तुलनेला भक्कम आधार उपलब्ध होता. पाण्यासाठी एसपीसी/ई हे १९८७ सालचे प्रसिद्ध प्रारूप (रेणूचे सोपे गणिती वर्णन) निवडले होते आणि सिम्युलेशनच्या पेटीत १००० रेणू ठेवले होते. सिम्युलेशन लॅम्प्स या मुक्त प्रणालीवर चालत होते. अमेरिकेतील सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळेत घडलेली ही प्रणाली आज भारतातील अनेक महाविद्यालयांत साध्या संगणकांवरही वापरली जाते.

पद्धत ग्रीन-कुबो यांची होती. मेल्व्हिल ग्रीन यांनी १९५४ मध्ये आणि र्योगो कुबो यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या या सूत्रांनुसार द्रव समतोलात असताना त्यातील दाबाच्या कर्णेतर घटकांचे (थर एकमेकांवरून सरकवणाऱ्या ताणांचे) जे चढउतार होतात, त्यांचा काळानुसार स्वसहसंबंध (आत्ताच्या चढउताराचा थोड्या वेळानंतरच्या चढउताराशी किती मेळ राहतो याचे माप) काढायचा, त्याचे संकलन करायचे, आणि त्याला घनफळाने गुणून बोल्ट्झमन स्थिरांक व तापमान यांच्या गुणाकाराने भागायचे. सूत्र एका ओळीत मावते. मात्र त्या ओळीत दाब, घनफळ, काळ आणि तापमान अशा चार राशी एकत्र येतात, आणि चारही राशी स्क्रिप्टमध्ये (प्रणालीला द्यायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये) वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी ठरतात. या प्रकरणाचा सगळा गुंता तिथेच होता.

पहिल्या रनमधून, म्हणजे सिम्युलेशनच्या पहिल्या फेरीतून, २५ अंशांना ०.४८ हा आकडा मिळाला. तो प्रयोगाच्या निम्म्याहून थोडाच जास्त होता, तरी कोणाला फारसा खटकला नाही. त्यामागे एक सबळ दिसणारे कारण होते. साध्या प्रारूपांचे पाणी खऱ्या पाण्यापेक्षा पातळ निघते हे सर्वज्ञात आहे. २५ अंशांना टीआयपी३पी या प्रारूपाची श्यानता ०.३२च्या आसपास, तर एसपीसी/ईची ०.७३च्या आसपास येते. ०.४८ या दोहोंच्या मध्ये पडते. त्यातच ४५ अंशांचा आकडा २५ अंशांच्या आकड्यापेक्षा अपेक्षेप्रमाणे कमी आला होता, आणि आलेखाचा उतारही प्रयोगाच्या उताराशी बऱ्यापैकी जुळत होता. परिणामी ‘प्रारूपाची मर्यादा’ असा शेरा लिहून प्रकरण मिटण्याच्या बेतात होते.

ते मिटले नाही, कारण मध्ये वीज गेली. खात्रीसाठी २५ अंशांचा रन पुन्हा लावलेला असताना दुपारी पुरवठा खंडित झाला आणि शेवटच्या रिस्टार्ट फाइलपासून (मधल्या टप्प्याची स्थिती साठवणाऱ्या फाइलपासून) काम पुढे सुरू करावे लागले. या जोडलेल्या रनचा आकडा ०.३७च्या जवळ आला. विद्यार्थिनीने मार्गदर्शकांना विचारले, “सर, स्क्रिप्ट तीच, तापमान तेच, मग आकडा इतका खाली कसा?” ग्रीन-कुबो पद्धतीत दोन रनांमध्ये काही टक्क्यांचा फरक पडतोच, म्हणून पहिले उत्तर ‘यादृच्छिकता’ हेच होते. परंतु इथला फरक काही टक्क्यांचा नव्हता. मोठा आकडा लहान आकड्याच्या सुमारे १.३ पट होता. या टप्प्यावर स्क्रिप्ट आणि दोन्ही लॉग फाइली (रनच्या नोंदी) माझ्याकडे पाहण्यासाठी आल्या.

एककांविषयी प्रणालीची भूमिका आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण नवख्या माणसाचा गैरसमज बहुधा तिथूनच सुरू होतो. लॅम्प्समध्ये स्क्रिप्टच्या आरंभी ‘युनिट्स’ ही आज्ञा देऊन एककांची एक शैली निवडतात. ‘रिअल’ शैलीत अंतर अँगस्ट्रॉममध्ये, काळ फेम्टोसेकंदात, ऊर्जा प्रतिमोल किलोकॅलरीत आणि दाब अ‍ॅटमॉस्फिअरमध्ये असतो. ‘मेटल’ शैलीत अंतर अँगस्ट्रॉममध्येच राहते, पण काळ पिकोसेकंदात, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये आणि दाब बारमध्ये जातो. आज्ञा दिलीच नाही तर ‘एलजे’ ही एककविरहित शैली गृहीत धरली जाते, आणि पेटी एकदा तयार झाली की शैली बदलता येत नाही. यात महत्त्वाचे हे, की ही आज्ञा आपण लिहिलेल्या संख्यांचे रूपांतर करत नाही. ती फक्त प्रणालीने आतून कोणते स्थिरांक वापरावेत हे ठरवते. पुढे लिहिलेली प्रत्येक संख्या त्या शैलीतच आहे, असे प्रणाली निमूटपणे मानते. खानदेशातील कापूसबाजारात सरकीसह कापसाचा भाव क्विंटलवर आणि जिनिंगमधून निघालेल्या रुईचा भाव सुमारे ३५६ किलोच्या खंडीवर बोलला जातो, पण व्यापारी नुसता आकडा ऐकूनही कशाचा भाव चालला आहे हे ओळखतो. प्रणालीला असा अंदाज नसतो. तिला फक्त आकडा कळतो.

हाती आलेल्या स्क्रिप्टची शैली ‘रिअल’ होती आणि प्रारूपाचे सर्व प्राचल त्या शैलीत बरोबर होते: ऑक्सिजनचा भार उणे ०.८४७६, रेणूच्या आकाराचा सिग्मा ३.१६६ अँगस्ट्रॉम, आकर्षणाच्या तीव्रतेचा एप्सिलॉन प्रतिमोल ०.१५५३ किलोकॅलरी. श्यानतेचा भाग लॅम्प्सच्या माहितीपुस्तिकेतील द्रव अरगॉनच्या नमुन्यावरून उचललेला होता. त्या नमुन्यात तापमान, घनफळ, टाइमस्टेप (गणनेच्या एका पावलाचा काळ), दाबाच्या नोंदींच्या नमुन्यांमधील अंतर आणि त्या नमुन्यांची संख्या यांसाठी व्हेरिएबल (नाव दिलेल्या राशी) केलेले असतात, आणि शेवटी ‘स्केल’ नावाचा एक गुणक तयार करून संकलनाला त्याने गुणतात. प्रणालीचे ‘ट्रॅप’ हे फलन दोन नमुन्यांमधील अंतर एक आहे असे धरून संकलन करते, म्हणून खरे कालांतर या गुणकातूनच आत येते. अरगॉनचा नमुना निर्दोष आहे. अडचण तो पाण्यासाठी वळवताना झाली.

वळवताना तीन बदल झाले. पाण्याचे बंध शेक पद्धतीने ताठ ठेवल्यामुळे २ फेम्टोसेकंदांचा टाइमस्टेप चालतो, म्हणून ‘टाइमस्टेप’ या आज्ञेपुढे २.० हा आकडा थेट लिहिला गेला. वर ‘डीटी’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये मात्र जुन्या चाचणीतला १.० तसाच राहिला. दुसरा बदल असा, की अरगॉनच्या नमुन्यात घनता आधीच ठरलेली असते, तर इथे पेटी ३४ अँगस्ट्रॉम बाजूची सैल घेऊन एनपीटी रनने (दाब व तापमान राखून घनफळ बदलू देणाऱ्या रनने) ती योग्य घनतेला आणायची होती. तिसरा बदल दिसायला चांगल्या सवयीचा होता: सगळे व्हेरिएबल एकत्र दिसावेत म्हणून स्केलची ओळ उचलून पेटी वाचल्यानंतर लगेच, इतर व्हेरिएबलांच्या शेजारी नेली गेली. स्क्रिप्ट वाचायला सुबक झाली आणि उत्तर चुकले. नीटनेटकेपणाने असा घोटाळा होतो हे मी इतर स्क्रिप्टांमध्येही पाहिले आहे. व्हेरिएबल एकत्र ठेवण्याची सवय सर्वसाधारण संगणकभाषांतून येते. लॅम्प्सची स्क्रिप्ट मात्र वरून खाली एकेक ओळ वाचत आणि वाचताच अंमलात आणत जाते, त्यामुळे ओळीची जागा हाही तिच्या अर्थाचा भाग असतो.

इथे व्हेरिएबलची किंमत कधी घेतली जाते हा प्रश्न येतो. ‘इक्वल’ प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये संख्या साठवलेली नसते, सूत्र साठवलेले असते. घनफळाच्या व्हेरिएबलमध्ये फक्त ‘घनफळ विचारा’ एवढीच सूचना असते. ते वापरण्याच्या दोन रीती आहेत. डॉलर चिन्ह आणि महिरपी कंस लावून नाव लिहिले, तर ती ओळ वाचली जाते त्याच क्षणी किंमत काढून आकडा त्या जागी चिकटवला जातो, आणि पुढे घनफळ कितीही बदलले तरी तो आकडा हलत नाही. नावाआधी ‘व्ही’ आणि अधोरेषा लावून लिहिले, तर सूत्राकडे बोट दाखवले जाते आणि दर वेळी ताजी किंमत मिळते. माहितीपुस्तिकेच्या नमुन्याप्रमाणे स्केलच्या ओळीत पहिली रीत होती. ओळ एनपीटीच्या आधी गेल्यामुळे तिच्यात सैल पेटीचे घनफळ गोठले.

याचा पुरावा शोधण्यासाठी वेगळे काही करावे लागले नाही. डॉलरची जागा आकड्याने भरताना लॅम्प्स भरलेली ओळही लॉगमध्ये छापते. पहिल्या रनच्या लॉगमध्ये स्केलच्या ओळीत ३९,३०४ ही संख्या स्वच्छ दिसत होती, म्हणजे ३४चा घन. रिस्टार्टनंतरच्या लॉगमध्ये त्याच जागी ३०,०००च्या किंचित खालची संख्या होती. रिस्टार्ट फाइलमध्ये पेटीचे त्या क्षणीचे माप साठवलेले असते, पण व्हेरिएबल साठवलेले नसतात. ते स्क्रिप्टमधून पुन्हा वाचले जातात. त्यामुळे दुसऱ्या खेपेस तीच ओळ वाचली गेली तेव्हा पेटी आकसलेली होती आणि घनफळ योगायोगाने योग्य घेतले गेले. ज्या रनवर वीज गेल्यामुळे संशय घेतला जात होता, तो घनफळाच्या बाबतीत बरोबर होता, आणि अखंड चाललेला रन चुकलेला होता.

हा निष्कर्ष हाताने तपासता येतो, आणि अशी तपासणी प्रत्येक प्रकल्पात कागदावर व्हावी असे माझे मत आहे. पाण्याच्या १००० रेणूंचे वस्तुमान १८.०१५ गुणिले १००० भागिले अव्होगाड्रो संख्या, म्हणजे २.९९ गुणिले १०चा उणे २० वा घात, इतके ग्रॅम होते. ३४ अँगस्ट्रॉम बाजूच्या पेटीत याची घनता दर घन सेंटिमीटरला ०.७६ ग्रॅम येते. एनपीटीनंतर ती ०.९९८च्या आसपास गेली, म्हणजे घनफळ २९,९७५ घन अँगस्ट्रॉम झाले. ३९,३०४ भागिले २९,९७५ बरोबर १.३१. दोन रनांमधील फरकही एवढाच होता, आणि यादृच्छिकतेच्या स्पष्टीकरणाला त्यानंतर जागा उरली नाही.

तरीही रिस्टार्टचा ०.३७ हा आकडा प्रारूपाच्या ०.७३च्या निम्मा होता, तेव्हा गुणकाची संपूर्ण आकडेमोड केली. एक अ‍ॅटमॉस्फिअर म्हणजे १,०१,३२५ पास्कल. सूत्रात दाब दोनदा येतो, म्हणून याचा वर्ग घ्यायचा. फेम्टोसेकंदासाठी १०चा उणे १५ वा आणि घन अँगस्ट्रॉमसाठी १०चा उणे ३० वा घात लावायचा. या सर्वाला बोल्ट्झमन स्थिरांक आणि २९८.१५ केल्विन यांच्या गुणाकाराने भागले की २.४९४ गुणिले १०चा उणे १५ वा घात मिळतो. मे २०१९ पासून हा स्थिरांक १.३८०६४९ गुणिले १०चा उणे २३ वा घात असा व्याख्येनेच नेमका ठरवलेला आहे, त्यामुळे जुन्या स्क्रिप्टांत दिसणारे शेवटच्या अंकांतले बारीक फरक इथे दुर्लक्षिता येतात. वरच्या २.४९४च्या संख्येला २९,९७५ घन अँगस्ट्रॉमने, आणि नमुन्यांमधील अंतराने, ५ टाइमस्टेप गुणिले २ फेम्टोसेकंद म्हणजे १० फेम्टोसेकंदांनी गुणले, की योग्य गुणक ७.४८ गुणिले १०चा उणे १० वा घात असा येतो. पहिल्या लॉगमधील गुणक ४.९० आणि रिस्टार्टनंतरचा ३.७४ होता, घात तोच. ३.७४ हा ७.४८च्या बरोबर निम्मा आहे, आणि निम्मेपणाचे कारण ‘डीटी’मध्ये राहिलेला १.० हेच होते. पहिल्या रनमध्ये एका चुकीने उत्तर निम्मे केले होते आणि दुसरीने ते १.३१ पट वाढवले होते. दोन्ही मिळून ०.६६ पट झाले, आणि म्हणूनच ०.७३चे ०.४८ झाले. चुका अंशतः एकमेकींना झाकत होत्या, आणि उरलेला आकडा दुसऱ्या एखाद्या प्रारूपाच्या शेजारी जाऊन बसत होता.

‘डीटी’च्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. लॅम्प्समध्ये ‘डीटी’ हा प्रणालीचा स्वतःचा शब्दही आहे. सूत्रात तो नुसता लिहिला तर प्रत्यक्ष चालू असलेला टाइमस्टेप मिळतो. डॉलर लावून लिहिलेला ‘डीटी’ म्हणजे मात्र वापरकर्त्याने केलेला व्हेरिएबल, आणि या दोघांचा परस्परांशी आपोआप काही संबंध नसतो. माहितीपुस्तिकेच्या नमुन्यात ‘टाइमस्टेप’ या आज्ञेला तो व्हेरिएबलच दिलेला असतो, म्हणून दोन्ही एक राहतात. ती एक जोडणी तुटली की प्रणाली कोणतीही सूचना देत नाही. स्वसहसंबंधाचा आलेखही यामुळे अर्ध्या काळावर काढला गेला होता, कारण सहसंबंधाच्या फाइलमध्ये काळ टाइमस्टेपच्या मोजणीत छापलेला असतो आणि विद्यार्थिनीने त्याला १ फेम्टोसेकंदाने गुणले होते. नमुन्यांची संख्या ४०० असल्याने सहसंबंधाची खिडकी ४ पिकोसेकंदांची होती. प्रबंधाच्या मसुद्यात ती २ पिकोसेकंद लिहिलेली होती.

४५ अंशांच्या रनमध्ये या दोन्ही चुका तशाच होत्या, आणि उतार पटण्याजोगा दिसण्याचे कारणही तेच. दोन्ही तापमानांचे आकडे एकाच चुकीच्या गुणकाने गुणलेले असले, तर त्यांच्या गुणोत्तरात तो गुणक कापला जातो. उताराची तुलना ही घनफळ आणि टाइमस्टेप बरोबर असल्याची परीक्षाच होऊ शकत नाही. तिसरी चूक मात्र फक्त ४५ अंशांच्या रनमध्ये होती. थर्मोस्टॅटच्या (तापमान राखणाऱ्या आज्ञांच्या) ओळींत ३१८.१५ हा आकडा हाताने लिहिला होता, आणि तापमानाच्या व्हेरिएबलमध्ये २९८.१५ राहिले होते. पाणी खरोखर ४५ अंशांना होते, पण भागाकार २५ अंशांच्या तापमानाने झाला, त्यामुळे उत्तर ६.७ टक्क्यांनी फुगले. पद्धतीचा स्वाभाविक विखुरलेपणा साधारण एवढाच असल्याने ही चूक केवळ आकडे पाहून कधीच सापडली नसती.

दुरुस्तीत समाधानाची गोष्ट ही, की एकही रन पुन्हा चालवावा लागला नाही. रेणूंची गती योग्य टाइमस्टेपने आणि योग्य तापमानाला झाली होती. सर्व चुका शेवटच्या गुणकात होत्या आणि मूळ सहसंबंध फाइलीत सुरक्षित होते. ०.४८ला ७.४८ भागिले ४.९०ने गुणताच ०.७३ मिळाले. ४५ अंशांच्या आकड्याला त्याच्या स्वतःच्या घनफळाचा, टाइमस्टेपचा आणि तापमानाचा योग्य गुणक लावला.

स्क्रिप्टची पुनर्रचना करताना प्रत्येक भौतिक राशी एकदाच लिहावी आणि बाकी सर्व तिच्यापासून निघावे असा नियम ठेवला. तापमान ‘इंडेक्स’ प्रकारच्या व्हेरिएबलमध्ये केल्विनमध्ये ठेवले. या प्रकारात आज्ञा-ओळीवरून दिलेली किंमत स्क्रिप्टमधल्या किमतीवर मात करते, त्यामुळे तापमान बदलण्यासाठी फाइल उघडावी लागत नाही. आरंभीचा वेग, एनपीटी, एनव्हीटी (स्थिर घनफळ व तापमानाचा रन) आणि स्केल या सर्व ठिकाणी तेच नाव वापरले. थर्मोस्टॅटचा शिथिलनकाळ (लक्ष्याकडे परतण्याचा काळ) १०० टाइमस्टेप आणि दाब राखणाऱ्या बॅरोस्टॅटचा १००० टाइमस्टेप असा प्रणालीच्या ‘डीटी’पासून गुणाकाराने काढला. प्रत्येक मूळ व्हेरिएबलच्या ओळीत हॅश चिन्हानंतर एकक लिहिले. प्रणाली हा शेरा वाचत नाही, पण पुढच्या वर्षी ही फाइल उघडणारा विद्यार्थी वाचेल.

घनफळ गोठवणे मात्र रद्द केले नाही, ते योग्य जागी आणले. ग्रीन-कुबोचा टप्पा स्थिर घनफळावर चालतो, तेव्हा गोठलेला आकडाच हवा असतो. प्रश्न तो कोणत्या क्षणी गोठतो एवढाच आहे. एनपीटीच्या शेवटच्या क्षणाचे घनफळ घेणेही फारसे चांगले नाही, कारण घनफळ सतत डोलत असते. म्हणून एनपीटीच्या उत्तरार्धात पेटीच्या बाजूची सरासरी घेतली, पेटी त्या मापाला आणली, थोडा एनव्हीटी रन दिला, आणि स्केलची ओळ त्यानंतर ठेवली. तिच्यापाठोपाठ एक ‘इफ’ आज्ञा घातली: आपला व्हेरिएबल आणि प्रणालीचा प्रत्यक्ष टाइमस्टेप यांत फरक आढळला, तर रन तिथेच थांबावा.

याच विभागात दुसरा एक प्रकल्प तांब्याच्या पृष्ठभागावरील पाण्याचा आहे, आणि तांब्यासाठी लागणाऱ्या ईएएम फाइली (धातूच्या अणूंमधील परस्परक्रियेचे तक्ते) ‘मेटल’ शैलीत असल्याने हीच स्क्रिप्ट त्या शैलीत न्यावी असा विचार पुढे आला. तिथे काही चुका गाजावाजा करून येतील. टाइमस्टेप २.० तसाच राहिला तर तो २ पिकोसेकंद होईल, आणि अणू पेटीबाहेर फेकले जाऊन रन पहिल्या काही पावलांतच ‘लॉस्ट अ‍ॅटम्स’ म्हणून बंद पडेल. अशा चुकीची भीती बाळगण्याचे कारण नाही. एप्सिलॉन ०.१५५३ तसाच राहिला तर तो इलेक्ट्रॉन-व्होल्ट मानला जाऊन आकर्षण २३ पट होईल आणि घनता पाहताच शंका येईल. शांत चुका वेगळ्या आहेत. शिथिलनकाळ हाताने १०० लिहिलेला असेल तर तो १०० पिकोसेकंद होईल, म्हणजे थर्मोस्टॅट नावालाच उरेल आणि तापमान लक्ष्याभोवती लांब हेलकावे घेत राहील. रूपांतराच्या ओळीत १,०१,३२५ राहिले, तर दाब बारमध्ये असल्यामुळे तिथे १,००,००० हवे होते, आणि वर्गामुळे उत्तर २.७ टक्क्यांनी जास्त येईल. एवढा फरक कोणत्याही आलेखावर उठून दिसत नाही. त्यामुळे त्या प्रकल्पासाठी दाबाचे आणि काळाचे रूपांतर-गुणक ‘युनिट्स’ आज्ञेच्या लगेच खालच्या ओळींत ठेवले आहेत, जेणेकरून शैली बदलणाऱ्याच्या नजरेसमोर तेच दोन आकडे आधी येतील, आणि पाण्याचा एक छोटा रन दोन्ही शैलींत चालवून श्यानता तीच येते का हे पाहिल्याशिवाय तांबे पेटीत घालायचे नाही असे ठरले आहे.